प्लाउतिला नेल्लीला सवलतीचे गुण नकोत

धागालेखिका:
फ्लॉरेन्सची नन प्लाउतिला नेल्ली (१५२४–१५८८) चौदाव्या वर्षी सांता कातेरिना मठात गेली. तिथल्या भोजनगृहासाठी तिने जवळपास सात मीटर लांबीचं ‘शेवटचं भोजन’, म्हणजे येशूचं शिष्यांसोबतचं अखेरचं जेवण, रंगवलं. चार वर्षं डागडुजी होऊन २०१९ पासून ते तिथल्याच सांता मारिया नोव्हेला चर्चच्या संग्रहालयात आहे. ‘बाईच्या मानाने छान’ हे ऐकलं की राग येतो. जरा टेबल बघा: कोकरू, पाव, वाइन, लेट्यूसची पानं. कापडावर घड्यांच्या रेषा आहेत, नुकतंच उलगडून अंथरल्यासारख्या. समोर जेवायला बसणाऱ्या नन्ससाठी काढलेलं चित्र आहे हे. याच विषयावरच्या लिओनार्दोच्या चित्राच्या फूटपट्टीने ते का मोजायचं?

प्रतिसाद १:
सहमत नाही. लिओनार्दो सोडा, त्याच गावात सान साल्वीच्या मठात चित्रकार आंद्रेआ देल सार्तोने हाच प्रसंग रंगवलाय. तिथे कपड्यांखाली देह जाणवतो, नेल्लीने रंगवलेल्या येशूच्या शिष्यांत नाही. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने १५६८ मध्येच लिहिलंय, की पुरुषांसारखं शिकायला आणि जिवंत माणूस समोर ठेवून रेखाटायला मिळालं असतं, तर तिने अद्भुत काम केलं असतं. कारण पटतं, पण म्हणून उणीव भरून निघत नाही. आणि वेगळी फूटपट्टी मागितलीत की तीही सवलतच झाली ना?

प्रतिसाद २:
दोघेही तिला नुसती भक्तीण करताय. बाई व्यावसायिक होती! वासारीच सांगतो, शहरातल्या सभ्य गृहस्थांच्या घरी तिची इतकी चित्रं होती की सगळ्यांबद्दल सांगत बसणं कंटाळवाणं होईल. मठात तिने इतर नन्सनाही हाताशी घेतलं होतं.

धागालेखिका:
प्र. १, फूटपट्टीचा मुद्दा मान्य, माझंच वाक्य चुकलं. शिष्यांचे खांदे कच्चे आहेत, तेही खरं. चित्रकार-साधू फ्रा बार्तोलोमेओची रेखाटनं तिच्या हाती आली होती, त्यांवरच तिला बरंचसं शिकावं लागलं. पण मग त्याच फूटपट्टीने शिष्य योहानही मोजा: डोळे मिटून येशूच्या छातीवर टेकलेला, आणि येशूचा हात त्याच्या खांद्यावर. तिथे मला काहीही कमी दिसत नाही.

प्रतिसाद १:
योहान सुंदर आहे. बाकीच्या शिष्यांबद्दल मत कायम.

प्रतिसाद २:
आणि सही वाचा. नावासोबत तिने लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘ओराते प्रो पिक्तोरा’. चित्रकर्तीसाठी प्रार्थना करा. नुसतं ‘माझ्यासाठी’ किंवा ‘या ननसाठी’ नाही, ‘चित्रकर्तीसाठी’.