मदत हवी आहे : सोलरचे पाणी सकाळी थंड येते, नळ्या बदलाव्यात का?

मांजराकाठ (लातूर)
आमच्या गच्चीवर २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर आहे. इतकी वर्षे त्याने विनातक्रार काम केले. परंतु दिवाळीनंतर सकाळी आंघोळीला जे पाणी येते त्याला कोमट म्हणणेही अवघड आहे. ऊन भरपूर आहे आणि नळ्यांवरील धूळ पुसून घेतली आहे, तरी काडीचा फरक पडलेला नाही. ज्यांच्याकडून सोलर घेतला त्यांच्या माणसाने गच्चीवर एक फेरी मारली, "सगळ्या नळ्या गेल्या, नव्या टाका" असे सांगितले आणि तो निघून गेला. आई पहाटे पाचला आंघोळ करतात, त्यामुळे गॅसवर पातेली चढवणे सुरू आहे. नळ्या खरोखर बदलाव्या लागतात का, एवढेच सांगावे. "गीझर घ्या" हा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

गच्चीवाला (बीड)
माहिती फारच त्रोटक आहे. सोलर काचेच्या नळ्यांचा आहे हे तुमच्या लिहिण्यावरून कळते, पण पाणी बोअरचे आहे की नगरपालिकेचे? दुपारी टाकीतले पाणी गरम असते का? सगळ्याच नळांना थंड येते की एखाद्याच? घर किती मजली आहे? एवढे सांगितल्याशिवाय कोणीही उत्तर दिले तरी तो केवळ अंदाज असेल.

बालाघाट (अंबाजोगाई)
यात विचारण्यासारखे काहीही नाही. आपल्या भागातील बोअरचे पाणी तापले की क्षार खाली बसणारच. नळ्या आतून पांढऱ्या फटक झाल्या असतील. आमच्याकडे टाकी रिकामी करून आम्ल फिरवले आणि दुसऱ्या दिवशी चटका बसेल असे पाणी आले. हार्डवेअरच्या दुकानात फरशी धुण्याचे आम्ल मिळते, तेच आणावे. काम अर्ध्या दिवसाचे आहे.

तापमापक (परभणी)
बालाघाट, हा सल्ला कृपया मागे घ्यावा. फरशीचे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. सोलरची आतली टाकी बहुधा स्टेनलेस स्टीलची असते आणि क्लोराइडमुळे त्या स्टीलला बारीक छिद्रे पडतात. आज पाणी गरम झाले तरी पुढे टाकी गळू लागते आणि मग नळ्यांपेक्षा कितीतरी मोठा खर्च अंगावर येतो. क्षार काढायचेच असतील तर सौम्य सायट्रिक आम्ल वापरावे आणि नंतर टाकी भरपूर पाण्याने धुवावी. हे काम पहाटेच करावे, कारण भर दुपारी तापलेल्या रिकाम्या नळ्यांत थंड पाणी सोडले तर काच तडकते.

परंतु क्षार हेच कारण आहे असे अजून सिद्ध कोठे झाले आहे? नळी खराब झाली की नाही हे पाहण्याची सोपी खूण आहे. नळीच्या बंद टोकाला आतून चांदीसारखा लेप दिसतो. दोन काचांमधील निर्वात पोकळी शाबूत असेपर्यंत तो चकाकतो. तडा जाऊन आत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. खालची प्लास्टिकची टोपी सरकवून प्रत्येक नळी पाहून घ्यावी. सगळ्या नळ्या एकदम जाणे मला तरी संभवत नाही.

मांजराकाठ (लातूर)
सर्वांच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो. पाणी बोअरचे आहे. नगरपालिकेचे आले की तेही त्याच टाकीत पडते. घर दुमजली आहे. सर्व नळ्यांचा लेप चांदीसारखाच आहे, एकही पांढरा नाही. दुपारी गच्चीवरील नळाला हात लावता येत नाही इतके पाणी गरम असते. रात्री झोपेपर्यंत ठीक असते आणि सकाळी थंड. हे मी आधीच लिहिले होते असे मला वाटते. आता नळ्या बदलायच्या की नाही?

गच्चीवाला (बीड)
हे तुम्ही आधी लिहिले नव्हते, आणि सगळ्यात महत्त्वाचे हेच होते. दुपारी पाणी गरम असेल तर नळ्या आपले काम चोख करत आहेत. नळ्यांवर एक रुपयाही खर्च करू नये. पाणी रात्रीत कोठे निवते, हा खरा प्रश्न आहे.

परदेशस्थ_नांदेडकर (जर्मनी)
इकडे हिवाळ्यात घरोघरी रेडिएटर असतात आणि तेही असेच दगा देतात. रेडिएटर खाली गरम आणि वर थंड लागला तर आत हवा साचली आहे असे समजावे; बाजूचा स्क्रू किल्लीने थोडा सैल करायचा, फुसफुस करून हवा निघून जाते आणि पाण्याचा थेंब दिसला की पुन्हा आवळायचा. वर गरम आणि खाली थंड असेल तर तळाशी गाळ आहे. तुमच्याही पाइपात हवा अडकली असावी.

तापमापक (परभणी)
रेडिएटरबद्दल आपण लिहिलेले बरोबर आहे, पण रेडिएटरमध्ये तेच पाणी बंद पाइपांतून फिरत राहते. सोलरचे पाणी नळावाटे निघून जाते. येथे हवा अडकली असती तर गरम पाण्याची धार बारीक झाली असती किंवा थांबली असती. यांच्या तक्रारीत धार व्यवस्थित आहे, फक्त पाणी थंड आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)
मी तरी क्षारांवरच ठाम आहे. शिवाय मुळात काचेच्या नळ्यांऐवजी तांब्याच्या पट्ट्यांचा सोलर घेतला असता तर ही वेळच आली नसती.

गच्चीवाला (बीड)
उलट आहे, भाऊ. पट्ट्यांच्या सोलरमधील तांब्याचे पाइप जेमतेम अर्ध्या इंचाचे असतात आणि जड पाण्यात तेच आधी बुजतात; काचेची नळी रुंद असल्याने ती अधिक काळ तग धरते. जड पाण्यावर पट्ट्यांचा सोलर चालवायचा असेल तर हीट एक्स्चेंजरचा, म्हणजे वापरायचे पाणी पट्ट्यांत न जाता वेगळ्या फिरत्या पाण्याने तापते असा, घ्यावा लागतो. हा वाद वेगळ्या धाग्यात घालू.

गोदामाय (नांदेड)
मी काही अभियंता नाही, घर चालवणारी आहे, म्हणून साधे विचारते. बिघाड दिवाळीनंतर सुरू झाला असे तुम्ही म्हणता. दिवाळीच्या सुमारास घरात प्लंबरचे काही काम झाले होते का? नवा नळ, नवा शॉवर, पंप, असे काही? आमच्या शेजारी बाथरूम नवे केल्यावर अशीच तक्रार सुरू झाली होती.

मांजराकाठ (लातूर)
ताई, खालचे बाथरूम दिवाळीआधी नव्याने करून घेतले. त्यात मिक्सर आणि कळ दाबून चालणारा हँड शॉवर बसवला, आणि धार चांगली यावी म्हणून थंड पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप लावला. त्याचा गच्चीवरील सोलरशी काय संबंध आहे ते मला कळलेले नाही, म्हणून लिहिले नाही. पंप रात्री अधूनमधून आपोआप घुरघुरतो, तो वेगळा त्रास आहे. कोठे तरी गळती असावी. आणि विचारलेच आहे तर सांगतो, हल्ली पहाटे थंड नळाला किंचित कोमट पाणी येते.

तापमापक (परभणी)
गोदामाय यांनी बरोबर नस पकडली. बिघाड गच्चीवर नाही, खालच्या बाथरूममध्ये आहे.

गरम पाणी तुमच्याकडे फक्त उंचीच्या दाबाने उतरते. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार भरतो. म्हणजे दुमजली घराच्या तळमजल्यावर तो ०.६ ते ०.७ बारच्या आसपास असणार. थंड लाइनला पंपाने त्यावर आणखी दाब चढवला. आंघोळ झाल्यावर हँड शॉवरची कळ सोडली जाते, पण मिक्सरच्या दोन्ही मुठी उघड्याच राहतात. बाहेरची वाट बंद आणि आतून गरम-थंड लाइन एकमेकींना जोडलेल्या, अशा स्थितीत जास्त दाबाचे थंड पाणी गरम लाइनमधून उलटे वर चढते, सोलरच्या टाकीत शिरते आणि तेथील तापलेले पाणी खालच्या तोंडाने थंड पाण्याच्या टाकीत ढकलते. थंड नळ कोमट होतो तो यामुळे, आणि रात्री नळ बंद असूनही पंप घुरघुरतो तोही यामुळेच. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे ७ युनिट वीज लागली असती. सूर्याने फुकट दिलेली तेवढी उष्णता तुमचा पंप रात्रभर वाटून टाकतो, वर स्वतःची वीजही खातो.

खात्री करून घ्यावी. पंप चालू ठेवून, मिक्सरच्या मुठी आईंच्या आंघोळीनंतर असतात तशाच राहू द्याव्यात. सोलरला थंड पाणी देणारा गच्चीवरील कॉक बंद करावा आणि बेसिनचा गरम नळ उघडावा. पाइपातले पाणी संपले की धार थांबली पाहिजे. ती वाहतच राहिली तर ते पाणी सोलरचे नाही. मग मिक्सरखालचा थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करावा. धार तुटली तर दोषी तोच मिक्सर. पाहणी झाल्यावर गच्चीवरील कॉक पुन्हा उघडण्यास विसरू नये.

मांजराकाठ (लातूर)
तंतोतंत तसेच झाले. वरचा कॉक बंद असूनही धार जोरात चालू होती आणि अँगल कॉक फिरवताच तुटली. रात्री दोन्ही मुठी घट्ट बंद करून ठेवल्या. पंप घुरघुरला नाही आणि पहाटे पाण्यात विसण घालावे लागले. पण आईंना रोज मुठी आवळा म्हणणे शक्य नाही, त्यांचे हात दुखतात. कायमचा उपाय सांगावा.

तापमापक (परभणी)
मिक्सरला येणाऱ्या गरम आणि थंड अशा दोन्ही लाइनींवर एकेक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवावा. गरम लाइनचा दाब कमी असल्याने तेथे कडक स्प्रिंगचा नको, झडपेचा घ्यावा, आणि तो आडव्या पाइपातच बसवावा; पाणी खाली उतरते त्या उभ्या पाइपात झडप नीट बंद होत नाही. व्हॉल्व्हवरील बाणाची दिशा प्लंबर जाण्यापूर्वी स्वतः पाहावी. बोअरचे पाणी असल्याने झडपेवर क्षार बसतील, म्हणून सांधा उघडता येईल असा ठेवावा.

बालाघाट (अंबाजोगाई)
क्षारांचा मुद्दा शेवटी आलाच.

मांजराकाठ (लातूर)
व्हॉल्व्ह बसवले, सकाळचे पाणी कढत येते. आता नवीन अडचण अशी की मिक्सरमध्ये दोन्ही मुठी उघडल्या तर थंड पाणीच जास्त येते आणि गरम अडून राहते. सोलरच्या तोंडाशीही असाच एक पंप लावून टाकू का?

तापमापक (परभणी)
मुळीच नाही. तुमची टाकी दाब सोसण्यासाठी बनवलेली नाही. आत येणाऱ्या पाण्याला पंप लावला तर ती फुगेल, फाटेल. आधी थंड पाण्याचा अँगल कॉक निम्मा आवळून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्याने जमते. तरीही धार हवीच असेल तर टाकीतून बाहेर पडणाऱ्या गरम लाइनवर, गरम पाणी चालणारा पंप स्वतंत्र लावावा.

गोदामाय (नांदेड)
किंवा आईंसाठी सरळ बादली भरून द्यावी आणि पंपाचे बटण बंद ठेवावे. व्हॉल्व्हला एकूण खर्च किती आला तेवढे लिहा, आमच्या शेजाऱ्यांना सांगायचे आहे.