स्वर्गारोहण आणि ख्रिस्तसभेचं मिशनकार्य : युवकांपुढे नेमकं काय मांडावं?

युवा_समन्वयक_वेंगुर्ला

१७ मेच्या रविवारी प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सोहळा आहे, म्हणजे पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांच्या डोळ्यांदेखत वर घेतला गेला तो सण. त्या संध्याकाळी धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) युवकांसाठी पाऊण तासाचं सत्र ठेवलंय. वीस-पंचवीस जण असतील. त्यातले निम्मे सुट्टीला आलेले मुंबईकर, तर काही शेजारच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळीतले. विषय : स्वर्गारोहण आणि मिशनकार्य (ख्रिस्ताचा संदेश आणि सेवा लोकांपर्यंत नेणं).

नाताळ कळतो, ईस्टर कळतो, पेंटेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा आला तो सण) हाही कळतो. मधला हा सण मात्र सगळ्यांना निरोपसमारंभ वाटतो. तीन प्रश्न येणारच. प्रभू इथेच थांबला असता तर काम सोपं झालं नसतं का? ढगात गेला म्हणजे कुठे गेला? आणि 'पृथ्वीच्या शेवटापर्यंत' म्हणजे आम्ही इथे किनाऱ्यावर बसून काय करायचं?

शिवाय काही जणांना चर्चमध्ये दोरी-कप्पी लावून येशू वर जातानाचा देखावा करायचाय. करावा का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

वचन_अभ्यास

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करा, त्यातच बाकीचं बरंचसं सुटतं. स्वर्गारोहण हा राज्याभिषेक आहे, हे मुलांना आधी वचनातून दाखवा.

दानीएल ७:१३-१४ उघडायला लावा. मनुष्यपुत्रासारखा कोणी मेघांसह येतो, आणि येतो तो देवाच्या सिंहासनाजवळ. तिथे त्याला प्रभुत्व मिळतं, आणि सर्व लोक, सर्व राष्ट्रं, सर्व भाषा बोलणारे त्याची सेवा करतील असं म्हटलंय. लगेच मत्तय २८:१८-१९ वाचा. 'सर्व अधिकार मला दिलेला आहे, म्हणून तुम्ही जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा.' यंदा वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं 'अ' वर्ष असल्यामुळे मिस्साचं (कॅथलिक उपासनेचं) शुभवर्तमानही हेच आहे, म्हणजे सकाळी ऐकलेलं संध्याकाळी उलगडता येईल. त्यातल्या 'म्हणून' या शब्दावर वाचणाऱ्याला थांबवा. अधिकार आधी, पाठवणी नंतर. राष्ट्रं त्याच्या हाती सोपवली गेली आहेत, म्हणूनच शिष्य राष्ट्रांकडे जातात. हा क्रम उलटला की मिशन म्हणजे प्रभूच्या गैरहजेरीत आपण सांभाळायचं दुकान होऊन बसतं, आणि माणसं दोन वर्षांत थकतात.

एक खबरदारी घ्या. मत्तयात स्वर्गारोहणाचा प्रसंग नाहीच. तिथला डोंगर गालीलातला आहे. प्रसंग येतो तो लूक २४:५०-५३ मध्ये आणि प्रेषितांची कृत्ये १:९-११ मध्ये, बेथानीजवळच्या जैतुनांच्या डोंगरावर. मुलं हे दोन डोंगर हमखास एक करतात.

आता 'थांबला असता तर?' याबद्दल. देहाने तो एका वेळी एकाच ठिकाणी असायचा. योहान १६:७ मध्ये तो स्वतःच म्हणतो, मी जाणं तुमच्या हिताचं आहे, मी गेलो नाही तर कैवारी (पवित्र आत्मा) येणार नाही. पण यावरून 'आधी येशू काम करायचा, आता आत्मा करतो' असा बदलीचा हिशोब मांडू नका. लूकने प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की आधीच्या ग्रंथात येशू जे करू आणि शिकवू लागला ते सांगितलं. म्हणजे ती सुरुवात होती, काम पुढे चालूच आहे. मग पुढची पानं चाळायला लावा. पेत्र २:३३ मध्ये सांगतो की आत्मा ओतला तो उंचावलेल्या येशूनेच. २:४७ मध्ये तारण होणाऱ्यांची रोज भर घालणारा प्रभू आहे. ७:५६ मध्ये पहिला हुतात्मा स्तेफन याला तो देवाच्या उजवीकडे उभा दिसतो. ९:४ मध्ये तो शौलाला (पुढचा पौल) दिमिष्काच्या वाटेत अडवतो आणि 'माझा छळ का करतोस' असं विचारतो, म्हणजे विश्वासणाऱ्यांना बसणारा मार त्यालाच बसतोय. १६:७ मध्ये येशूचा आत्मा पौलाला बिथुनिया प्रांतात जाऊ देत नाही.

यातला एकच उतारा नीट घ्यायचा असेल तर मी १८:९-११ घेईन. करिंथ हे बंदराचं शहर, सभास्थानात पौलाला विरोध झालेला. रात्री दर्शनात प्रभू सांगतो, भिऊ नको, बोलत राहा, मी तुझ्याबरोबर आहे, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. हे लोक अजून विश्वासात आलेलेही नाहीत, तरी प्रभू त्यांना 'माझे' म्हणतो. यानंतर पौल तिथे दीड वर्ष राहिला. मिशनवर स्वर्गारोहणाचा परिणाम काय होतो, ते या तीन ओवींत (वचनांत) दिसतं : सेवक पोहोचण्याआधी राजा तिथे पोहोचलेला असतो.

ढगाचं थोडक्यात. निर्गम ४०:३४ मध्ये दर्शनमंडपावर (इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूवर) मेघ उतरतो, लूक ९:३४ मध्ये रूपांतराच्या वेळी, म्हणजे डोंगरावर येशूचं रूप तेजस्वी झालं तेव्हा, तोच येतो. शास्त्रात मेघ हे देवाच्या सान्निध्याचं चिन्ह आहे. त्यामुळे स्वर्ग किती किलोमीटरवर, हा प्रश्न तिथेच संपतो. यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, नाहीतर चर्चा अवकाशयानांवर जाते आणि परत येत नाही.

उपासना_समिती

तारखा आधी पक्क्या करून घ्या, कारण गोंधळ इथेच होतो. २०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला. तो पहिला दिवस धरला तर चाळिसावा येतो गुरुवार, १४ मेला. आपल्या लॅटिन विधीच्या (रोमन कॅथलिक पद्धतीच्या) धर्मप्रांतांत सोहळा पुढच्या रविवारी, म्हणजे १७ ला होतो. तुमचे सीएनआयचे युवक कदाचित गुरुवारीच उपासना करून आलेले असतील, तेव्हा 'आज स्वर्गारोहणाचा दिवस' असं सरसकट बोलू नका. पेंटेकॉस्ट दोन्हीकडे २४ मेलाच.

पवित्र आत्म्याच्या नोव्हेनाचं (नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं) गणित सण रविवारी सरकला की बिघडतं. बरेच जण सोहळा झाल्यावर सोमवारी सुरू करतात आणि पेंटेकॉस्टच्या आदल्या शनिवारपर्यंत सहाच दिवस भरतात. मग कुठे एका दिवशी दोन प्रार्थना होतात, तर कुठे पेंटेकॉस्टनंतरही नोव्हेना चालूच. नोव्हेना शुक्रवारी १५ मेलाच सुरू करा, शनिवारी २३ ला नऊ दिवस बरोबर पुरे होतात. रविवारचं तुमचं सत्र हा तिसरा दिवस येईल, तेव्हा सत्राची सांगता त्या दिवसाच्या नोव्हेनानेच करा.

या नऊ दिवसांना मिशनमध्ये मोठी जागा आहे. लूक २४:४९ मध्ये आज्ञा आहे ती थांबण्याची : वरून सामर्थ्य मिळेपर्यंत यरुशलेमेतच राहा. शिष्य माडीवर परतले, पवित्र मरिया आणि इतर स्त्रियांसह एकचित्ताने प्रार्थनेत राहिले (प्रेषितांची कृत्ये १:१४). साधारण एकशेवीस जण जमले होते तेव्हा यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली. प्रार्थना झाली, रिकामी जागा भरली, मग आत्मा आला आणि त्यानंतर पेत्र बोलायला उभा राहिला. आपल्याकडे उत्साहाच्या भरात उलटं होतं. पत्रकं आधी छापली जातात, माणसं नंतर शोधली जातात आणि प्रार्थना झाली तर झाली.

पास्काची मेणबत्ती (ईस्टरला पेटवलेली मोठी मेणबत्ती) या दिवशी विझवू नका. पूर्वी स्वर्गारोहणाच्या दिवशी शुभवर्तमानानंतर ती विझवायची पद्धत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या (१९६२-६५ ची कॅथलिक धर्मसभा) सुधारित विधीत ती पेंटेकॉस्टपर्यंत वेदीजवळच राहते. जुन्या पद्धतीने प्रभू गेला हे मनावर ठसायचं, आताच्या पद्धतीने चाळिसावा आणि पन्नासावा हे दिवस एकाच पुनरुत्थानकाळाचे भाग म्हणून दिसतात. तुमच्या विषयाला ही आताची पद्धतच हवी.

दोरी-कप्पी नको. जुन्या चर्चचे वासे-रीपा कौलांचं वजन पेलण्यासाठी बसवलेले असतात. माणूस टांगला की वजनाबरोबर झोका आणि हिसका येतो, तो आडवा ताण त्या लाकडाच्या हिशोबातच नसतो. खारी हवा आणि वाळवी यांनी आतून काय केलंय ते खालून दिसत नाही. आणि वचनाच्या दृष्टीनेही देखावा चुकतो. लूकने वर जाण्याला एक ओवी दिलीय. प्रेषितांची कृत्ये १ मधल्या ९ ते ११ या तीन ओवींत शिष्यांच्या पाहण्याचा, त्यांच्या नजरेचा उल्लेख मात्र पुन्हा पुन्हा येतो. प्रेक्षकांचं लक्ष दोरीवर गेलं की या बघणाऱ्या अकरा जणांकडे कोणी बघत नाही. नाट्य करायचंच असेल तर येशूला मंचावर आणूच नका. अकरा जण वर बघत उभे आहेत, मागून शुभ्र वस्त्रांतले दोघे येऊन 'आकाशाकडे बघत का उभे आहात' असं विचारतात आणि अकरा जण वळून लोकांमधून चालत दाराकडे जातात. चार मिनिटं, खर्च शून्य.

वचन_अभ्यास

त्या पाहण्याला जोडून २ राजे २:९-१४ घ्या. मला वर घेतलं जाताना तू पाहशील तर तुझी मागणी (माझ्या आत्म्याचा दुप्पट वाटा) पुरी होईल, असं एलीया संदेष्टा त्याचा शिष्य अलीशाला सांगतो. अलीशा पाहतो, पडलेला झगा उचलतो आणि परत यार्देन नदीवर येऊन एलीयाने केलेलंच काम करतो. लूकच्या मनात हा प्रसंग असणार, असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी जाताना पाहिलं, त्यांनाच आत्मा मिळतो आणि काम पुढे न्यायचं असतं.

पाळकीय_सेवा_रायगड

वरचं सगळं मान्य. पण नुसता राज्याभिषेक सांगितला तर युवकांच्या मनात विजययात्रा तयार होईल, आणि आपल्या देशात ते चित्र मिशनचं फार नुकसान करतं. म्हणून लूक २४:५० मधले हात दाखवा. हात उचलून आशीर्वाद देत असतानाच तो त्यांच्यापासून वेगळा झाला. आशीर्वाद पुरा करून मग गेला, असं लूक लिहीत नाही. लेवीय ९:२२ मध्ये याजक अहरोन अर्पण करून असाच लोकांकडे हात उचलतो. आणि हे हात जखमांचे आहेत, दहाच ओवी आधी त्याने ते शिष्यांना दाखवलेत (२४:४०). सिंहासनावर बसलेला राजा याजकही आहे. इब्री ७:२५ प्रमाणे तो मध्यस्थी करण्यासाठी सर्वदा जिवंत आहे. अशा राजाच्या नावाने जाणाऱ्याला धाक, आमिष किंवा शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल ही साधनं वापरताच येत नाहीत. हे युवकांना स्पष्ट शब्दांत सांगा, आडवळणाने नको.

तिसरा प्रश्न, 'आम्ही काय करायचं?' प्रेषितांची कृत्ये १:८ ('यरुशलेम, यहूदिया, शोमरोन आणि पृथ्वीच्या शेवटापर्यंत तुम्ही माझे साक्षी व्हाल') फळ्यावर वर्तुळं काढून शिकवतात : यरुशलेम म्हणजे आपलं घर, यहूदिया म्हणजे गाव, शोमरोन म्हणजे तालुका वगैरे. यात दोन घोटाळे आहेत. एक, यरुशलेम शिष्यांचं घर नव्हतंच, ते गालीलकर. प्रभूला पकडल्यावर ते जिथे पळाले, पेत्राने जिथे नाकारलं, ते ते शहर. साक्ष तिथून सुरू करायची होती. दुसरं, आधीचं वर्तुळ पुरं केल्याशिवाय पुढचं नाही, असा नियम पुस्तकात कुठेच दिसत नाही. ८:१ मध्ये छळामुळे लोक यहूदिया-शोमरोनात पांगतात आणि प्रेषित मागे यरुशलेमेतच राहतात. शोमरोनात पोहोचतो तो फिलिप, जो जेवणाच्या पंगतीची व्यवस्था बघायला निवडलेल्या सात जणांपैकी होता.

शोमरोनी लोकांशी यहूद्यांचं वैर होतं. आता कोकणात शोमरोन कोण, हे त्यांनाच ठरवू द्या. हद्दीवरून किंवा मानपानावरून ज्या वाडीशी बोलणं बंद आहे, ती वाडी बहुधा आधी सुचेल. आणि 'पृथ्वीचा शेवट' तर आपल्या जेटीवरच आलेला आहे. ट्रॉलरवरचे नेपाळी खलाशी, आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार, परराज्यांतून आलेले बांधकामावरचे मजूर. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात खलाशांचे हिशोब होऊन ते गावाला निघतात. पेंटेकॉस्ट २४ ला, म्हणजे तुमच्या हातात आठवडा आहे. हिशोबाची चिठ्ठी वाचून देणं, पैसे घरी कसे पाठवायचे ते समजावणं, तापात असलेल्याला सरकारी दवाखान्यात नेणं, ज्याला हवी त्याच्यासाठी प्रार्थना करणं. मदत कोणत्याही अटीशिवाय. कोणी विचारलं की का करता, तर ख्रिस्तामुळे असं सरळ सांगायचं. विचारलं नाही तरी काम तेवढंच करायचं.

युवा_समन्वयक_वेंगुर्ला

मनापासून आभार. देखावा रद्द, अकरा जणांचा प्रवेश ठरला. पाऊण तासात हे कसं बसवू? आणि एक अडचण अजून आहे : 'मिशन फादर-सिस्टरांचं काम, आमचं काय' असं म्हणणारे निम्मे निघतील.

उपासना_समिती

प्रवेशाने सुरुवात, चार मिनिटं. मग दानीएल आणि मत्तय मिळून दहा. करिंथचा उतारा छोट्या गटांत, पाच-पाच जणांत, दहा मिनिटं. गटांना एकच प्रश्न द्या : आपण पोहोचण्याआधी प्रभू कुठे पोहोचला असेल? लूकमधले हात पाच मिनिटं. नंतर प्रेषितांची कृत्ये १:८ आणि आठवड्याचं काम यासाठी दहा. कोण, कुठे, कोणत्या दिवशी हे कागदावर आलंच पाहिजे. उरलेली पाच-सहा मिनिटं नोव्हेना. ढगाचा प्रश्न कोणी विचारला तरच घ्या. वेळ कमी पडला तर गटचर्चेतली मिनिटं काढा, नोव्हेनातली काढू नका.

'आमचं काय' म्हणणाऱ्यांसाठी इफिसकरांस ४:८-१२. वर चढलेल्याने माणसांना देणग्या दिल्या. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक हे त्याने दिले ते पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला. म्हणजे फादरांचं काम तुम्हाला तयार करणं, आणि सेवा सगळ्यांची.

उदाहरण आपल्याच किनाऱ्याचं द्या : वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया. ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन बंधू होते. जपानी भाषा येत होती म्हणून १५९३ मध्ये फिलिपाइन्सहून जपानला गेलेल्या फ्रान्सिस्कनांबरोबर दुभाषी म्हणून गेले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. त्यांच्या हाती देणगी होती ती परक्याची भाषा बोलण्याची. तुमच्या गटात मुंबईकर असतील तर हिंदी सगळ्यांनाच येत असेल, जेटीवर तीच लागणार आहे.

पाळकीय_सेवा_रायगड

कागदावर नावं लिहिताना दोन-दोनच्या जोड्या करा, एक गावातला आणि एक मुंबईकर. एकट्याला पाठवू नका, लूक १०:१ मध्येही दोघे-दोघेच पाठवलेत. जेटीवर जायचं ते दुपारनंतर. पहाटे बोट लागते तेव्हा मासळी उतरवायची घाई असते, बोलायला कोणाला फुरसत नसते. तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) आधी विचारून घ्या, म्हणजे त्याच्या माणसांशी परस्पर काय चाललंय असा संशय राहत नाही. सीएनआयचे युवक आहेतच, तर जोडीत दोन्ही मंडळ्यांतला एकेक येईल असं बघा.