नवख्याला आधी झापायचं की आधी उत्तर द्यायचं?

निशाचर (ऐरोली)
आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या सरडे-साप-कासववाल्या ग्रुपवर परवा एका पोराने विचारलं, "कासवाचे डोळे सुजलेत, चार दिवस खात नाही, काय करू?" सोबत फोटो. दुकानातून मिळतो तोच प्लास्टिकचा टब, मधोमध हिरवं नारळाचं झाड, तळाला रंगीत खडे, पाणी जेमतेम पाठ भिजेल एवढं. त्यात लाल कानाचं स्लायडर, म्हणजे दुकानात मिळतं ते अमेरिकेतलं पाणकासव. त्याला मिळालेली उत्तरं: "आणण्याआधी वाचता येत नव्हतं?", "अशांना प्राणी विकूच नयेत", आणि एक खिदळणारी इमोजी. पाणी बदल, कोवळं ऊन दे, सरीसृप बघणाऱ्या डॉक्टरकडे ने, हे कुणीतरी रात्री उशिरा लिहिलं. तोवर पोरगं ग्रुप सोडून गेलेलं.

माझं म्हणणं एवढंच, की आधी जनावराचं बघा, मालकाची खरडपट्टी नंतर काढा. इथे अपमान झाला की तो परत दुकानदारालाच विचारणार. किंवा एक दिवस कासव मासुंदा नाहीतर उपवन तलावात सोडून मोकळा होणार. मग ते अमेरिकेतलं कासव आपल्या देशी कासवांच्या खाण्यावर आणि उन्हाच्या जागांवर हक्क सांगत बसणार.

घोडबंदरवाली
वैतागणाऱ्यांतली एक मी, त्यामुळे बोलते. डोळे एका रात्रीत सुजत नाहीत. घाण पाणी आणि रोज नुसती सुकी कोळंबी, म्हणजे अ जीवनसत्त्वाची बोंब, असं महिनोन्‌महिने चाललं की ही वेळ येते. पिन केलेली माहिती कुणी उघडत नाही, तेच तेच आम्ही किती वेळा टाइप करायचं? गोड बोललं की लोकांना वाटतं हे सोपं आहे, मग वन बीएचकेत इग्वाना, म्हणजे भला मोठा सरडा, येतो. तो शेपटीसकट पाच फुटांपर्यंत जातो हे विकताना कुणी सांगत नाही. थोडा धाक हवाच.

सरडेबाई (नेरुळ)
धाक कुणाचा, ताई? "खिडकीतलं ऊन पुरतं, यूव्हीबी दिवा म्हणजे पैसे उकळायचे धंदे" असं ठणकावणारे आपलेच जुने लोक होते. यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण. खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. त्यावाचून ड जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, इग्वानाची हाडं वाकतात. ज्या मुलीने तेव्हा शंका काढली तिला "आधी शिक, मग बोल" ऐकावं लागलं. जुना म्हणजे बरोबरच, हे कुणी ठरवलं?

पारसिकचा वारा
सगळ्यांना मायेनेच उत्तर द्यायचं असेल तर हे सांगा. एका बाईंनी विचारलं होतं, "सासऱ्यांनी वास्तूसाठी स्टार कासव आणलंय, खायला काय घालू?" हे कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. पाळलं तर ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. त्यांना आहार सांगायचा? उद्या बालंट ग्रुपवरच येईल.

निशाचर
नाही सांगायचा. तिथे उत्तर एकच, वनखात्याची हेल्पलाइन १९२६. धामण, नाग पाळायची हौस असलेल्यांनाही तेच. पण "तुम्ही तस्कर आहात" असं तोंडावर मारलंत तर त्या फोन करतील? रात्री येऊरच्या जंगलात रस्त्याकडेला कासव सोडून येतील.

पारसिकचा वारा
कायदा सांगताना आवाज चढतोच. पटलं नाही.

दोन कासवं (कळवा)
मी नवखाच. टोमण्यांचं एवढं काही नाही, घरीही खातो. पण हॉट स्पॉट, मॉर्फ, सबस्ट्रेट असले शब्द फेकून पुढे जाता आणि पुन्हा विचारलं की चिडता, तिथे अडतं.

अजगरवाला (खारघर)
उलटी बाजूही ऐका. माझा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला. असे विदेशी प्राणी नोंदवायच्या २०२४ च्या नियमांनंतर ते बंधनकारकच आहे. पावसाळ्यात त्याच्या पेटीतली ओल आटोक्यात कशी ठेवायची, असं विचारलं. उत्तरं काय, तर "मस्त आहे, केवढ्याला पडला?" जाणकार मंडळी केव्हाच वेगळा छोटा ग्रुप काढून बसलीत, मग इथे सांगणार कोण? नवख्यांसाठी रविवार ठेवा, बाकी दिवस आम्हाला.

सरडेबाई (नेरुळ)
कासव रविवार बघून आजारी पडतं का?

घोडबंदरवाली
पडत नाही, खरंय. माझ्यापुरतं सांगते. टबचा फोटो आला तर टोमणा नाही मारणार. पण पाणी किती, दिवा कुठला, खायला काय, हे तीन प्रश्न विचारीन. त्यांची उत्तरं आली नाहीत तर पुढचं एक अक्षर नाही. याला कुणी उर्मट म्हणणार असेल तर म्हणा.

आणि अजगरवाला, तुमचं राहिलंच. तळाचं ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) काढा, पावसाळाभर साधा कागद अंथरा. पाण्याचं भांडं थंड बाजूला सरकवा, वरची जाळी पूर्ण झाकू नका. गरम बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २६ च्या आसपास. एसीचा झोत पेटीवर येत असेल तर पेटी हलवा. हीट पॅडला थर्मोस्टॅट (तापमान आवरणारं यंत्र) नसेल तर आजच आणा, नाहीतर पोट भाजेल. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकातून बुडबुडे किंवा शिट्टीसारखा आवाज येतोय, असं दिसलं तर इथे फोटो टाकत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. वजन किती आहे त्याचं?