एक पाडली तरी अठरा फिरतात
काही जण म्हणतात की युद्धात पवनचक्क्या म्हणजे शत्रूला आयतं लक्ष्य. युक्रेनमध्ये उलटंच दिसलं हो. ११ एप्रिल २०२४ ला कीवजवळचं त्रिपिल्स्का औष्णिक वीजकेंद्र रशियाने एका हल्ल्यात संपवलं. मिकोलाइव्ह भागातल्या तिलिगुल्स्का पवनऊर्जा प्रकल्पात मात्र पहिल्या टप्प्यातल्या प्रत्येकी ६ मेगावॉटच्या १९ पवनचक्क्या लांबलांब उभ्या आहेत, आणि हा टप्पा २०२३ मध्ये ऐन युद्धातच पूर्ण झाला. (सगळ्यांची वीज जिथून पुढे जाते ते सबस्टेशन उडवलं तर सगळंच ठप्प, हे मान्य.)

छपरावरच्या सोलरची मात्र गंमत आहे. लाइट गेली की साधा ग्रिडवाला (म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याला जोडलेला) इन्व्हर्टर भर उन्हातही स्वतःहून बंद पडतो. म्हणून कीवजवळच्या होरेन्का गावात गोळाबारीत मोडलेला दवाखाना उभा करताना पॅनलसोबत बॅटऱ्याही बसवल्या. खर्च विचाराल तर तो बॅटरीचाच जड जातो.