‘फॉस्टर’ पालकाला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न, परभणीहून: बालकल्याणाच्या कामात असलेल्या मैत्रिणीसाठी गावोगाव वाटायचं एक पत्रक लिहायलोय. ‘फॉस्टर केअर’साठी मसुद्यात ‘प्रतिपालकत्व’ घातलं होतं. एका आजीला वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “हे कोर्टाचं हाय का?” दुसरा शब्द सुचवा. ‘दत्तक’ मात्र नको. दत्तक गेलेलं लेकरू कायमचं त्या घरचं होतं. इथं बाल कल्याण समिती लेकराला दुसऱ्या घरी ठेवते, समितीनं मनाई केली नाही तर आई-बाप भेटायला येतात आणि त्यांची घडी बसली की लेकरू परत जाऊ शकतं. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 44.

छत्रपती संभाजीनगर: तुमच्या अडचणीचं मूळ ‘पालक’ या शब्दात आहे. पालक म्हणजे पालन करणारा, जन्माशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे फॉस्टर पालकाला नेमका शोभणारा शब्द आपल्याकडे होताच. पण शाळेच्या पालकसभेनं तो आई-बापांना देऊन टाकला, आणि आता खऱ्या पालकाला ओळखायला मागे ‘प्रति’ लावावा लागतो! बरं, ‘प्रतिपाळ’ काही दुय्यम शब्द नव्हे. ‘दीनांचा प्रतिपाळ’ म्हणताना कमी दर्जाचा पाळ कुणाच्या मनात येत नाही. पण ‘प्रतिकृती’, ‘प्रतिसृष्टी’ ऐकून सरावलेल्या कानाला ‘प्रतिपालक’ म्हणजे पालकाची नक्कल वाटते. शब्द चांगला आहे, कान बदललाय.

जालना: ‘पोसणे’ वापरा की. साधं आहे.

छत्रपती संभाजीनगर: नको हो. “तुला पोसलं म्हणून…” हे वाक्य कुठल्या भांडणात येतं ते आठवा. पत्रकात तर अजिबात नको.

अंबाजोगाई: आमच्याकडं रोजचा शब्द ‘ठेवणे’. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की “लेकरू आजीपशी ठेवलंय”, “थोरला मामाकडं हाय”. ‘ठेव’ म्हणजे परत घ्यायची वस्तू. लेकरू माघारी येणार, हे त्या क्रियापदातच आहे, ‘प्रतिपालकत्वा’त ते कुठंय? अडचण एकच. ‘ठेवलेली’ या शब्दाला बाईच्या बाबतीत जो वास आहे, त्यामुळं मोठ्या पोरीबद्दल ‘ठेवलीय’ म्हणताना जीभ अडखळते. तिथं बाया आपोआप ‘सांभाळायलोत’ वर येतात. माझं मत ‘सांभाळ’ला.

लातूर: राज्याच्या योजनेचं नाव ‘बाल संगोपन’. 2023 मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आणि महिन्याची रक्कम 1,100 ची 2,250 झाली. गावात कुणी ‘संगोपन’ म्हणत नाही, “लेकराचा पगार लागला का?” असंच विचारतात, जसा ‘निराधारचा पगार’. तरीही शब्दाची बाजू घेतो. संगोपनातला धातू ‘गुप्’, म्हणजे राखणे, झाकणे. ‘गोपनीय’ही तिथलाच. याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा लेकराची ओळख छापायला मनाई आहे. सत्काराच्या फोटोत निराधार पोरांना वही-पेन देताना ओळीत उभं करणाऱ्यांनी संगोपनाचा हा अर्धा अर्थ वाचलेलाच नसतो. (विषयांतर झालं, पण सांगायचंच होतं.)

पैठण: आणि ‘अनाथ’ सरसकट लिहू नका. या योजनेतल्या कितीतरी लेकरांची आई जिवंत असते. बाप गेलेला, नाहीतर दोघांपैकी एक जण मोठ्या आजारात. आमच्या गावच्या नाथांना तर आई-बाप लहानपणीच गेल्यावर आजी-आजोबांनी वाढवलं. त्यांना कुणी अनाथ म्हणत नाही, नावातच नाथ!

परभणी: आभार. मथळा ‘लेकरू सांभाळणारं घर’ केला, खाली बारीक अक्षरात ‘प्रतिपालक कुटुंब’, म्हणजे समितीपुढं गेल्यावर शब्द अनोळखी वाटू नये. त्याच आजीला परत वाचून दाखवलं. म्हणाल्या, “हे तर आमी करायलोतच की, चार वर्षं झाली.” त्यांच्याकडं लेकीचं लेकरू आहे. आता एकच राहिलं. अर्जात ‘मुलाशी नाते’ असा रकाना असतो. आजी ‘आजी’ लिहून मोकळी होईल. रक्ताचं नातं नसलेल्या शेजारणीनं तिथं काय लिहायचं?

अंबाजोगाई: लेकरू हाक मारतं तेच. आमच्या गल्लीत ‘मावशी’.