बारा हजारांचा सरंजाम आणि हेगचं कोर्ट: कायदा सापडतो की केला जातो?

मोडीवाला, पुणे ३०

गेल्या रविवारी आमच्या मोडीच्या अभ्यासगटात जुंपली. एकाने घरचा जुना कागद आणला होता, कडा कुरतडलेला, मधली घडी विरलेली. त्यात गाव दिल्याचा उल्लेख. हा गडी खूश: "म्हणजे गाव आमच्या मालकीचं!" शिकवणारे सर चष्मा वर करून म्हणाले, "गाव नाही हो, गावाचं उत्पन्न. तेसुद्धा सरकारची मर्जी असेतो." पुढचा तासभर सरंजाम (असं मर्जीवर दिलेलं उत्पन्न), जहागीर आणि इनाम (वंशपरंपरेने दिलेलं) यातच गेला.

मला मात्र हेग आठवलं. नेमका हाच वाद तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाला होता, आणि कागदही पुण्याचाच. १७७९ साली पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यात पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं लावून दिली. तीच दादरा आणि नगर हवेली. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी ती मुक्त केली (सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही त्यात होते). भारताने दमणहून तिकडे जाणारी वाट बंद केली आणि १९५५ मध्ये पोर्तुगाल हेगला गेलं.

निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. कोर्ट म्हणालं, तहात मिळाला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे. मराठ्यांना सत्ता द्यायची असे तेव्हा ते तसं लिहीत. पण १८१८ नंतर इंग्रजांनी आणि मग भारताने पोर्तुगीजांना तिथले धनी मानून चालवलं, आणि सव्वाशेहून जास्त वर्षं त्यांची माणसं आणि माल मधल्या मुलखातून जात राहिला. मग भारताचा आक्षेप आला, की रूढी (म्हणजे कायद्याइतकी बांधील ठरलेली वहिवाट) अशी दोनच देशांत कशी होईल? कोर्ट म्हणालं, का होऊ नये? खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना नाही, तेही ८ विरुद्ध ७ मतांनी. १९५४ मध्ये भारताने आपली जबाबदारी मोडली नाही, असंही ठरलं.

तर मुद्दा असा. कोर्टाच्या संविधीतलं (ज्या नियमावलीवर कोर्ट चालतं तिच्यातलं) कलम ५९ म्हणतं, निकाल फक्त त्या दोन पक्षांना आणि त्याच खटल्यापुरता बांधील. कलम ३८ मध्ये न्यायनिर्णयांना जागा आहे ती "दुय्यम साधन" म्हणून. तरीही "दोन देशांतली रूढी" शिकवताना आजही याच निकालापासून सुरुवात होते. माझं मत: ही कोर्टं कायदा करतात. फक्त तसं कबूल करत नाहीत.

धरणग्रस्त

मोडीवाले, लेख छान, निष्कर्ष गंडला. कायदा देश करतात. कोर्ट अंदाज बांधतं आणि कधी कधी सपशेल तोंडावर पडतं.

लोटस खटला घ्या. १९२६ मध्ये खुल्या समुद्रात 'लोटस' ही फ्रेंच आगबोट तुर्की जहाजावर आदळली, आठ तुर्की माणसं गेली. तुर्कस्तानने फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला भरला. तेव्हाच्या जुन्या हेग न्यायालयाने १९२७ मध्ये सांगितलं, भरू द्या, मनाई करणारा नियम कुठे आहे? मतं सहा-सहा, अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल. देशांना हे पटलं नाही. १९५८ च्या खुल्या समुद्राच्या करारात त्यांनी लिहून टाकलं की अशा टकरीबद्दल खटला चालवील तो जहाजाच्या ध्वजाचा देश किंवा त्या अधिकाऱ्याचा स्वतःचा देश. १९८२ च्या समुद्र कायद्यातही तेच. झालं, कोर्टाचा "कायदा" एका कलमात पुसला गेला.

आणि तुमच्या दादराचं काय झालं? एप्रिल १९६० मध्ये निकाल, ऑगस्ट १९६१ मध्ये संसदेने प्रदेश भारतात सामील केला, डिसेंबरात गोवाही मुक्त. कोर्टाने दिलेला वाटेचा हक्क पोर्तुगालने वापरला कधी?

वकिलीणबाई

धरणग्रस्त, लोटस सगळेच सांगतात. त्याच १९५८ साली जिनिव्हात दुसरंही एक कलम लिहिलं गेलं, ते तुम्ही अलगद वगळलंत.

नॉर्वेचा किनारा म्हणजे बेटं, खडक आणि आत घुसलेल्या खाड्यांचा गुंता. किनारपट्टीचं प्रत्येक वळण मोजत बसण्याऐवजी नॉर्वेने बाहेरच्या टोकांना टोक जोडून सरळ रेषा मारल्या आणि आतलं पाणी आपलं म्हटलं. इंग्रज मच्छीमार चिडले. कोर्टाने १९५१ मध्ये नॉर्वेच्या बाजूने कौल दिला, आणि अशा रेषा कधी चालतील याची मापंही सांगितली. ती मापं, बरेच ठिकाणी शब्दसुद्धा तेच, १९५८ च्या करारात आली आणि १९८२ मध्ये कायम राहिली. खटला दोघांचा, नियम सगळ्यांचा. एक निकाल देशांनी खोडला, एक उचलला. दोन्ही वेळा त्यांच्यापुढे मसुदा कोर्टाचाच होता ना?

मोडीवाल्यांच्या सरंजामासारखीच आणखी एक शब्दाची गोष्ट सांगते. कोर्ट सुनावणी संपण्याआधी जे अंतरिम आदेश देतं ते बांधील की नुसता सल्ला, यावर दशकानुदशकं वाद होता. इंग्रजी मजकुरातलं क्रियापद मऊ, "सूचित करणे" अशा थाटाचं. फ्रेंच मजकुरात "केलेच पाहिजेत" असा ध्वनी. १९९९ मध्ये अ‍ॅरिझोनात वॉल्टर लाग्रांद या जर्मन नागरिकाला कोर्टाने थांबा म्हटल्यावरही मृत्युदंड दिला गेला. २००१ मध्ये कोर्टाने दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या, मुळात हा अधिकार दिलाच कशासाठी ते पाहिलं आणि सांगितलं: बांधील. कोणत्याही देशाने कलमात एक अक्षर बदललं नव्हतं.

मे २०१७ मध्ये कुलभूषण जाधवांच्या फाशीवर कोर्टाने स्थगिती दिली, तेव्हा पुण्यात टीव्हीसमोर बसलेले आपण सगळे "आता पाकिस्तानला थांबावंच लागेल" म्हणत होतो. त्या "लागेल"ला पाठबळ २००१ च्या निकालाचं होतं.

चहाटळ

ताई, मांडणी झकास. पण एक शंका. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून रामशास्त्री पुणं सोडून गेले असं आपण शाळेत ऐकलं. शास्त्रीबुवा अमर झाले. राघोबांना प्रायश्चित्त कोणी दिलं?

मेक्सिकोच्या खटल्यात २००४ मध्ये हेगने अमेरिकेला सांगितलं की वकिलातीची मदत न मिळालेल्या ५१ जणांच्या शिक्षांचा फेरविचार करा. २००८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं, तो निकाल आमच्या न्यायालयांत आपोआप लागू होत नाही. त्यांतल्या मेदेयीनला त्याच वर्षी टेक्सासात मृत्युदंड दिला. त्याआधी २००५ मध्ये अमेरिका अशा खटल्यांची वाट खुली करणाऱ्या पूरक करारातूनच बाहेर पडली होती. मॅच हरायला लागलो की बॅट घेऊन घरी.

वकिलीणबाई

चहाटळ, पाळणं वेगळं आणि नियम असणं वेगळं. लक्ष्मी रस्त्यावर नो पार्किंगमध्ये दोनशे गाड्या उभ्या आहेत म्हणून पाटी खोटी ठरते का?

धरणग्रस्त

ताई, पाटी लावणारी महापालिका निवडून येते. हेगचे १५ न्यायाधीश आमसभा आणि सुरक्षा परिषद निवडतात, नऊ वर्षांसाठी. सिन्नरच्या शेतकऱ्याला विचारून कोणी निवडत नाही. म्हणून मला "कोर्टाने कायदा पुढे नेला" हे कौतुक ऐकलं की धास्ती वाटते. आज पुढे नेईल, उद्या?

आणि आपलं वागणं बघा. जाधव खटल्यात २०१९ ला १५ विरुद्ध १ ने जिंकलो, पेढे वाटले. सिंधू पाणीवाटपात लवादाने जून २०२५ मध्ये वाद ऐकण्याचा स्वतःचा अधिकार कायम असल्याचं सांगितलं, तेव्हा दिल्लीने म्हटलं, हा लवादच आम्ही मानत नाही.

मोडीवाला, पुणे ३०

धरणग्रस्त, २०१४ विसरलात. बंगालच्या उपसागरातल्या वादात लवादाने साधारण २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला दिले. भारताने निमूट मान्य केलं.

मूटवाली (विधी, तिसरं वर्ष)

सगळे मोठे लोक बोलताहेत, पण मला वाटतं मुख्य गंमत निकालात नसून निकालातल्या अनावश्यक वाक्यांत आहे.

१९६६ मध्ये इथिओपिया आणि लायबेरियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नेलेला खटला कोर्टाने सात-सात मतं आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर फेकला. कारण: यात तुमचं वैयक्तिक नुकसान काय? वर्णभेद चालू असताना! नव्याने स्वतंत्र झालेले देश भडकले. चार वर्षांनी एका भलत्याच खटल्यात, बेल्जियम आणि स्पेन यांच्यातल्या वीज कंपनीच्या भागधारकांच्या भांडणात, कोर्टाने जाता जाता लिहिलं की काही कर्तव्यं प्रत्येक देशाची साऱ्या जगाप्रती असतात: वंशसंहार, गुलामगिरी, वंशभेद यांबाबतची. त्या खटल्याला या वाक्याची गरजच नव्हती. बेल्जियम तर हरलं.

पण २०१९ मध्ये गांबिया म्यानमारविरुद्ध रोहिंग्यांसाठी उभं राहिलं, तेव्हा "तुमचा काय संबंध?" या प्रश्नाचं उत्तर त्याच विचारात होतं. २०२२ मध्ये कोर्टाने म्यानमारचे प्राथमिक आक्षेप फेटाळले. मूटची (विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या खटल्याची) तयारी करताना मी हे तिघांना समजावलं, तिघांनीही विचारलं, "मग १९७० चं वाक्य कायदा होतं का?" मी म्हटलं, १९७० मध्ये नव्हतं. खटल्याशी संबंध नसलेले लोक ते वापरायला लागले तेव्हा झालं.

धरणग्रस्त

हे पटण्यासारखं आहे. म्हणजे माझंच म्हणणं: वापरणारे देश.

वकिलीणबाई

वाक्य मात्र कोर्टाचं.

घडीवाला

नमस्कार. वरच्या कागदाचा मालक मीच. काल भिंगाखाली पुन्हा पाहिला. घडीच्या रेघेवर "पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने" असं लागतंय. मग हा सरंजाम की इनाम?

मोडीवाला, पुणे ३०

वंशपरंपरेने असेल तर इनामच म्हणावं लागेल. पण घडीवर आहे म्हणता, तर आधी दिवसाच्या उजेडात तिरका धरून फोटो काढा. "परंपरेने" आहे की "परगणे", ते रविवारी सरांसमोर ठरवू.