आत्मकथनांपेक्षा कादंबऱ्याच अधिक खरे बोलू लागल्या आहेत का?

प्रश्न – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

गेले काही महिने करवीर नगर वाचन मंदिरातून कादंबऱ्या आणि आत्मकथने आलटूनपालटून आणून वाचत आहे. त्यातून माझे एक मत तयार झाले असून ते येथील जाणत्या वाचकांनी तपासून पाहावे, अशी विनंती आहे.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातला लेखक म्हणून आनंद झालाच, पण पुरस्कार आणि जिल्हा दोन्ही बाजूला ठेवले तरी ही कादंबरी मला मोलाची वाटते. धरणामुळे गाव उठले आहे आणि मागे राहिलेली म्हैस आणण्यासाठी देवाप्पा पुन्हा त्या जुन्या जागी जातो, एवढाच तिचा कथाभाग. पुनर्वसनाच्या धोरणावर भाष्य करण्याची संधी पानोपानी असताना लेखक माणूस, जनावर आणि रान यांच्यापासून ढळत नाही, आणि म्हणूनच विस्थापन म्हणजे नेमके काय ते अंगावर येते.

याच्या उलट अनुभव अलीकडच्या यशस्वी माणसांच्या आत्मकथनांचा येतो. लहानपणीची गरिबी दोन प्रकरणांत आटोपते आणि पुढे पदे, दौरे, सत्कार यांचीच जंत्री सुरू होते. जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत आलेले वितुष्ट, नोकरीत गप्प बसून केलेली तडजोड, पत्नीने सोसलेले कष्ट यांविषयी चकार शब्द नसतो. माणसाने स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिताना इतके सांभाळून लिहायचे असेल, तर वाचकाने ते का वाचावे?

उत्तर – कागलहून

आपले म्हणणे रास्त आहे, परंतु दोष आत्मकथन या प्रकाराचा नसून लिहिणाऱ्याच्या धैर्याचा आहे. आमच्या कागलच्या आनंद यादवांचे ‘झोंबी’ १९८७ साली आले आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते मी नुकतेच पुन्हा वाचले. मुलाने शाळा सोडून शेतात राबावे म्हणून अडून बसलेला बाप त्यात जसा होता तसाच येतो. त्याला सावरून घेण्यासाठी लेखक त्याच्या वागण्यावर पांघरूण घालत नाही, आणि तरीही त्या बापाचे दारिद्र्य आपल्याला विसरता येत नाही. म्हशी राखताना कविता सुचली आणि जवळ कागद-पेन्सिल नसली, की हा मुलगा काटकीने म्हशीच्या पाठीवरच ओळी लिहितो. हा तपशील मला त्या पुस्तकातल्या कुठल्याही दुःखाच्या वर्णनाहून मोठा वाटतो, कारण शिकण्याची ओढ हा शब्दही न वापरता ती ओढ तिथे दिसते. आजच्या आत्मकथनांत असे तपशीलच उरलेले नाहीत. निष्कर्ष तेवढे उरले आहेत.

उत्तर – गडहिंग्लजहून

कादंबऱ्यांना आपण फारच झुकते माप देत आहात. प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला २०२२ चा अकादमी पुरस्कार मिळाला. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचा आधार घेऊन आजच्या काळाविषयी बोलण्याची तिची कल्पना मला मनापासून आवडली, परंतु काही ठिकाणी पात्रांच्या तोंडून लेखकाचेच विचार ऐकू येतात, असे माझे प्रामाणिक मत आहे. विचार पटणारे असले म्हणून ते कादंबरीत मुरले आहेत असे होत नाही.

उत्तर – एक वाचक भगिनी, महाद्वार रोड

वरच्या चर्चेत स्त्रियांच्या आत्मकथनांचा उल्लेखही नाही, याचे वाईट वाटले. उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) वाचल्याशिवाय आत्मकथने सांभाळून लिहिली जातात, असा सरसकट निकाल कोणी देऊ नये. कोकणातल्या घरात बांबूची आयदाने विणत बसणारी आई, पुढे मुंबईतला संसार, शिक्षणासाठी आणि लेखनासाठी स्वतःच्याच घरात द्यावी लागलेली झुंज, आणि समतेच्या चळवळीतही स्त्रीच्या वाट्याला येणारे दुय्यमपण हे सारे त्यांनी आपल्याच माणसांविषयी लिहिले आहे, आणि तेही त्यांच्याविषयीची माया न सोडता. सत्कारांची जंत्री बहुधा त्यांच्याच पुस्तकांत सापडते, ज्यांना सांगण्यासारखे बरेच असूनही प्रतिष्ठा गमवायची नसते. ज्या स्त्रीला लिहिण्याचा हक्कच भांडून मिळवावा लागला, तिला झाकपाक करून काय मिळणार?

उत्तर – मूळ प्रश्नकर्ता

ताईंचा आक्षेप मला मान्य आहे. माझा रोख प्रतिष्ठितांच्या आत्मकथनांवर होता आणि तो तसाच कायम आहे. गडहिंग्लजच्या वाचकांनी मांडलेला मुद्दा मात्र ‘रिंगाण’ला लागू पडत नाही, कारण तिथे भूमिका पात्रांच्या बोलण्यात नसून देवाप्पाच्या त्या परत जाण्यातच आहे. ‘आयदान’ येत्या आठवड्यात वाचनालयातून आणतो. गेल्या पाच-सात वर्षांत आलेले आणि इतक्याच मोकळेपणाने लिहिलेले एखादे आत्मकथन कोणी वाचले असेल, तर त्यातले नेमके काय पटले, यासह कृपया येथे कळवावे.